भिंतीवरचे शिंतोडे



मृगाचा पहिला जोराचा पाऊस होऊन गेला की एक छोटेसे निरीक्षण करा. शेतातल्या आखाड्याची, निदान गावाकडच्या घराची, चुन्याने रंगवलेली एखादी बाहेरची भिंत पाहा. भिंतीच्या पायथ्याशी उघडी माती असेल, तर खालचा दीड-दोन फुटांचा पट्टा मातकट झालेला दिसेल. जवळ जाऊन पाहिले तर तो पट्टा म्हणजे मातीच्या बारीक शिंतोड्यांची दाट रांगोळीच असते. आता भिंतीचा असा भाग शोधा, की जिच्या पायथ्याशी गवत वाढले आहे, किंवा कडब्याची पेंढी पडली आहे. तेथे भिंत जवळजवळ स्वच्छ असते.

पाऊस एकच, भिंत एकच, मातीही एकच. मग ही माती दोन फूट उंच उडाली कशाने? वारा म्हणाल, तर वारा गवतावरूनही गेला होता. पाणी वाहिले म्हणाल, तर पाणी खाली वाहते, भिंतीवर चढत नाही.

मी पदार्थविज्ञान शिकवतो. अंत्य वेगाचा धडा दर वर्षी येतो. उंच नळीत ग्लिसरीन भरायचे, त्यात छर्रा सोडायचा आणि काही अंतर गेल्यावर त्याचा वेग वाढत नाही हे घड्याळ लावून दाखवायचे. हे चालू असताना सेनगावकडच्या एका मुलाने मला विचारले, "सर, छऱ्याचं समजलं. पण आमच्या वावरात याचा काय उपयोग?" त्याच्या घरी त्या वर्षी सोयाबीनची दुबार पेरणी झाली होती. पहिल्या पेरणीनंतर पाऊस पडला होता, बी चांगले होते, तरी ते उगवून वर आले नव्हते. त्या वेळी मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. नीट उत्तर शोधायला मला पुढचा पावसाळा लागला. ते उत्तर त्या भिंतीवर लिहिलेले होते.

पावसाचा थेंब सुमारे दोन किलोमीटर उंचीच्या ढगातून निघाला असे धरू. वाटेत हवा नसती, तर जमिनीवर पोचताना त्याचा वेग किती झाला असता? तुमचे नेहमीचे सूत्र घाला : उत्तर सेकंदाला सुमारे २०० मीटर येते. असा पाऊस बंदुकीच्या छऱ्यांसारखा लागला असता आणि आपण कोणी बाहेर पडलो नसतो. पण हवा आहे. थेंबाचा वेग वाढतो तसा हवेचा विरोधही वाढतो, आणि एका क्षणी वजन व विरोध समान होतात. तेथून पुढे थेंब एकाच वेगाने पडतो. हाच अंत्य वेग. एक मिलिमीटर व्यासाच्या थेंबाचा अंत्य वेग सेकंदाला सुमारे ४ मीटर असतो. पाच मिलिमीटरच्या टपोऱ्या थेंबाचा सुमारे ९ मीटर, म्हणजे ताशी ३२ किलोमीटर. थेंब याहून फार मोठा होऊ लागला की हवेतच फुटतो.

आता गतिज ऊर्जेची तुलना करा. व्यास पाच पट, म्हणून वस्तुमान १२५ पट. वेग सव्वादोन पट, म्हणून त्याचा वर्ग पाच पट. टपोऱ्या थेंबाची ऊर्जा लहान थेंबाच्या सहाशे पटींहून अधिक भरते! झिमझिम पाऊस आणि वळवाचा पाऊस यांत हा फरक आहे. पर्जन्यमापकात दोन्ही दिवशी तेवढेच मिलिमीटर पाणी साचेल. मातीला मात्र दोन दिवस फार वेगळे जातात.

थेंब मोजायचे कसे, असे तुम्ही विचाराल. त्यासाठी प्रयोगशाळा नको. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील विल्सन बेंटली नावाच्या एका शेतकऱ्याने फार सोपी युक्ती वापरली आणि ती १९०४ साली प्रसिद्ध केली. परातीत बोटभर जाडीचा मैद्याचा थर सपाट करा. ती झाकून पावसात न्या, झाकण क्षणभर उघडा आणि पुन्हा झाका. प्रत्येक थेंबाची मैद्यात एक गोळी तयार होते. गोळ्या वाळू द्या, चाळून घ्या आणि पट्टीवर ओळीने मांडून मोजा. श्रावणातल्या पावसाच्या आणि मेघगर्जनेसह आलेल्या पावसाच्या गोळ्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवल्यात, तर शाळेच्या प्रदर्शनासाठी दुसरे काही करावे लागणार नाही. (मैदा आईला विचारून घ्यावा.)

आता एक एकर रान घेऊ. त्यावर अर्ध्या तासात २५ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्याकडे हे नवलाचे नाही. एकराचे क्षेत्रफळ सुमारे ४०४७ चौरस मीटर, तेव्हा पडलेले पाणी झाले सुमारे १०० टन. थेंबांचा सरासरी वेग सेकंदाला ७ मीटर धरला, तर एकूण गतिज ऊर्जा सुमारे २५ लाख ज्यूल येते. एवढ्या ऊर्जेत एक टन वजनाचा दगड २५० मीटर उंच उचलता येईल. आता यातले निम्मे पाणी सेकंदाला अर्धा मीटर वेगाने शेतावरून वाहत गेले असे समजा. त्या वाहत्या पाण्याची ऊर्जा काढून पाहा. सव्वासहा हजार ज्यूल! म्हणजे पडणाऱ्या पाण्याच्या चारशेवा हिस्सा.

हा हिशोब मी प्रथम केला तेव्हा मला तो दोनदा तपासावासा वाटला. आपण सगळे लहानपणापासून 'पाण्याने माती वाहून नेली' असे म्हणतो. नेली खरी, पण सोडवली कोणी? ढेकळे फोडून मातीचे कण मोकळे करण्याचे मुख्य काम थेंबांचा मार करतो. वाहते पाणी हा पुढे हमाल असतो. अमेरिकेत डब्ल्यू. डी. एलिसन यांनी १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी ही गोष्ट ठळकपणे पुढे आणली. तोवर धुपीचा विचार बहुतेक बांध आणि नाले यांच्याच भाषेत होत असे. अर्थात पाणी एकदा ओघळीत एकवटले आणि त्याचा वेग वाढला, की हमालही तोडफोड करू लागतो. घळी पडतात त्या त्यामुळेच.

थेंब उघड्या मातीवर आदळतो तेव्हा लहानसा खड्डा पडतो आणि कडेने पाणी-मातीचा मुकुटासारखा फवारा उडतो. कण दोन फूट उंच आणि चार-पाच फूट दूरवर जातात. सपाट रानात ते इकडचे तिकडे होतात एवढेच. उतारावर मात्र खालच्या बाजूला गेलेले कण अधिक लांब पडतात, म्हणून सगळी माती हळूहळू उताराकडे सरकते. पण याहून मोठे नुकसान जागच्या जागी होते. फुटलेल्या ढेकळांतले अतिसूक्ष्म कण पाण्याबरोबर मातीच्या छिद्रांत जाऊन बसतात आणि ती बंद करतात. वर एक गुळगुळीत थर तयार होतो. ऊन पडले की तो वाळून पापडासारखा कडक होतो. सोयाबीनचा कोंब बाकदार मान वर काढून दोन्ही डाळिंब्या ओढत बाहेर येतो. त्याला हा पापड फोडावा लागतो. पुष्कळदा मान मोडते, पापड मोडत नाही. त्या मुलाच्या वडिलांची पेरणी अशीच वाया गेली असावी. बियाणे आणि पेरणीची मजुरी दुसऱ्यांदा, आणि हंगाम पंधरवडाभर मागे.

आपल्या हिंगोली जिल्ह्याची माती बेसाल्ट खडकापासून झालेली आहे. पूर्णा आणि कयाधूच्या काठांनी ती खोल काळी आहे. औंढा, सेनगाव, कळमनुरीच्या माळांवर भरड, मुरमाड आणि जेमतेम वीतभर. काळ्या मातीतल्या चिकणमातीचा स्वभाव तुम्हांला माहीत आहे. उन्हाळ्यात ती आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस या भेगा घटाघटा पितात. पण माती फुगली, भेगा मिटल्या, की तिची पिण्याची गती तासाला काही मिलिमीटरवर येते. त्यातून वर पापुद्रा असला, तर विचारायलाच नको. आणि पाऊस तर अर्ध्या तासात २५ मिलिमीटर देतो! उरलेले पाणी जाणार कोठे? कयाधूला, पैनगंगेला, पूर्णेला, आणि सगळे मिळून शेवटी गोदावरीला. जाताना ते माती घेऊन जाते, आणि तीही निवडून. सर्वांत आधी जातात ते सूक्ष्म कण आणि हलके सेंद्रिय द्रव्य, म्हणजे नेमका कस. मागे राहतात खडे.

आपली रानं उघडी असतात केव्हा? खरिपाची काढणी झाली, हरभरा निघाला, की नांगरट होते आणि फेब्रुवारी-मार्चपासून जूनअखेरपर्यंत जमीन उघडी पडते. वसमतकडे हळद काढल्यावर रान तर पार उकरलेले असते. पेरणीनंतरही सोयाबीनची पाने एकमेकांना भिडून जमीन झाकायला सहा आठवडे लागतात. म्हणजे वर्षातले सर्वांत टपोरे थेंब ज्या आठवड्यांत पडतात, त्याच आठवड्यांत जमिनीच्या अंगावर काही नसते.

आणि पावसाची रीतही बदलते आहे. हवा एक अंश तापली की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ या काळातल्या नोंदी तपासून २०१७ साली दाखवले, की मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या आहेत. एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की आपल्याकडे अतिवृष्टी धरतात. १ आणि २ सप्टेंबर २०२४ रोजी, बंगालच्या उपसागरातून आंध्रच्या किनाऱ्यावर आलेला कमी दाबाचा तीव्र पट्टा विदर्भ-मराठवाड्यावरून सरकला, तेव्हा हिंगोली, परभणी, नांदेड या जिल्ह्यांनी काय पाहिले ते तुम्हांला आठवत असेल. कयाधू पात्राबाहेर आली होती. पुढच्या वर्षी, २०२५ च्या सप्टेंबरात, मराठवाड्याने पुन्हा तेच सोसले. अशा वेळच्या पंचनाम्यांत पिकाचे नुकसान वेगळे लिहितात आणि 'खरडून गेलेली जमीन' वेगळी लिहितात. हा भेद मला फार योग्य वाटतो. पीक पुढच्या वर्षी पुन्हा घेता येते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सप्टेंबरात सोयाबीन जमीन झाकून उभे होते, तरी पूर आलाच. माती आधीच तुडुंब भरलेली असेल आणि वर दीडशे-दोनशे मिलिमीटर पाऊस कोसळला, तर पाणी वाहणारच; आच्छादन त्याला थोपवू शकत नाही. वाहणारे पाणी गढूळ असेल की निवळ, एवढे मात्र आच्छादनावर अवलंबून असते.

आता मातीची किंमत दिवसांत मोजून पाहू. माळावरचे २५ सेंटिमीटर खोल रान घ्या. अशा मातीच्या दर सेंटिमीटर खोलीत पिकाला मिळू शकेल असे सुमारे १.६ मिलिमीटर पाणी मावते असे धरू. म्हणजे भरलेल्या रानात ४० मिलिमीटर. भरात आलेले पीक उन्हाच्या दिवशी सुमारे ५ मिलिमीटर पाणी पिते. पाऊस थांबला तर हे पीक किती दिवस तग धरील? आठ. तीन सेंटिमीटर माती गेली की सात. खोल काळ्या रानात, जेथे मीटरभर माती आहे, तेथे महिनाभर. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला; त्या महिन्यात माळावरचे आणि नदीकाठचे शेतकरी वेगवेगळ्या जगात राहत होते, असे म्हटले तरी चालेल.

तीन सेंटिमीटर जायला किती वर्षे लागतात? ध्रुवनारायण आणि राम बाबू यांनी १९८३ साली काढलेल्या अंदाजाप्रमाणे भारतात दर हेक्टरी वर्षाला सरासरी १६.४ टन माती जागची हलते. एका घनमीटर मातीचे वजन १.३ टन धरा आणि भागाकार करा. थर निघतो सव्वा मिलिमीटरचा. हा डोळ्यांना दिसत नाही. पण चोवीस वर्षांत तो तीन सेंटिमीटर होतो, आणि उताराच्या उघड्या रानात त्याहून लवकर. तेवढा थर खडकापासून नव्याने बनायला शतके जातात.

औंढ्याजवळ दुधाळा येथे लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहायची आहे. गुरुत्वीय लहरी आल्या की चार किलोमीटर लांबीच्या नळ्यांत प्रोटॉनच्या आकारापेक्षाही लहान फरक पडतो, तो तेथे मोजणार आहेत. त्याच तालुक्यातल्या शेताला वर्षाला एक मिलिमीटर मोजता आला तरी पुरे! आणि तो मोजण्याचे यंत्र निसर्गाने रानात ठेवलेलेच आहे. जोराच्या पावसानंतर उघड्या रानात वाकून पाहा. प्रत्येक चपट्या खड्याखाली मातीचा एक लहानसा खांब उभा दिसेल, डोक्यावर पाटी घेतल्यासारखा. खड्याने आपल्याखालची माती थेंबांपासून वाचवली, भोवतालची उडून गेली. त्या खांबाची उंची म्हणजे तेवढ्या पावसात तेथून गेलेल्या मातीची जाडी. पट्टी लावा आणि वहीत लिहा.

उघड्या मातीला उन्हाचाही त्रास होतो, तो थोडक्यात सांगतो. काळी कोरडी माती तिच्यावर पडणारे सूर्यकिरण बहुतांशी शोषून घेते. मे महिन्याच्या दुपारी तिचा पृष्ठभाग साठ अंशांच्या घरात जातो. चप्पल न घालता चालून पाहू नका. ही उष्णतेची लाट खाली जाताना झपाट्याने मंदावते : दहा सेंटिमीटरवर दिवसरात्रीचा चढउतार तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास राहतो. पण गांडुळे, जिवाणू आणि सेंद्रिय द्रव्य यांचा संसार त्याच वरच्या दहा सेंटिमीटरांत असतो. त्यांच्या चिकट द्रव्यांनी बांधलेली ढेकळे थेंबांचा मार जास्त सोसतात. ती माणसे, म्हणजे ते जीव, घर सोडून गेले की पुढच्या पावसाचे काम सोपे होते. वाऱ्याने होणारी धूप आपल्याकडे तेवढी मोठी नाही. अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात १९३० नंतरच्या दशकात नांगरलेली उघडी जमीन वाऱ्याने उडाली आणि मे १९३४ मध्ये तिची धूळ अटलांटिक किनाऱ्यावरच्या शहरांत जाऊन पडली. आपल्या नशिबी वारा नाही, पाणी आहे.

झाकायचे तरी कशाने? एक चूक आधी टाळा. उंच झाड हे छत नव्हे. सागाच्या मोठ्या पानावरून ओघळणारे थेंब मूळच्या पावसापेक्षा टपोरे असतात, आणि आठ-दहा मीटर पडले की त्यांना जवळजवळ पुरा वेग मिळतो. उघड्या जमिनीच्या सागबनात म्हणूनच धूप दिसते. दीड फुटावरच्या सोयाबीनच्या पानावरून सुटलेला थेंब सेकंदाला तीन मीटरच्या आतबाहेर वेगाने पडतो. त्याची ऊर्जा दहाव्या हिश्श्यावर येते. आणि जमिनीलाच टेकलेली काडी असेल तर थेंब तिच्यावरच मरतो. सगळे रान झाकावे लागते असेही नाही. तिसरा हिस्सा काडीकचऱ्याने झाकला, तरी धूप निम्म्याहून खाली आल्याचे ठिकठिकाणच्या प्रयोगांत दिसले आहे.

हैदराबादजवळ पाटनचेरू येथे इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तेथे १९७६ पासून आपल्यासारख्याच काळ्या जमिनीवर दोन रानं शेजारी शेजारी ठेवली. एक जुन्या रीतीने पावसाळाभर पड आणि मग रब्बी. दुसऱ्यात पाऊस सुरू होताच रुंद वरंब्यांवर पीक, म्हणजे पावसाच्या वेळी जमीन झाकलेली. दुसऱ्या रानातून जाणारी माती पहिल्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास आली, आणि धान्य हेक्टरी एक टनाऐवजी पाच टनांच्या घरात गेले. यात सुधारित बियाणे आणि खतांचाही वाटा आहे, हे विसरू नये. रुंद वरंबा-सरीवर सोयाबीन पेरण्याची शिफारस परभणीचे कृषी विद्यापीठही करते. सरी जास्तीचे पाणी हळू बाहेर काढते आणि खंडाच्या काळात ओल धरते. नेरळच्या सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनी आधी भातासाठी एक पद्धत बसवली. तीत नांगरट न करता त्याच वाफ्यांवर पुढचे पीक टोकतात आणि आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच ठेवतात. मराठवाड्यातही काहींनी ती घेतली आहे. तिच्यात तण मारायला औषध फवारावे लागते, ही गोष्ट मला स्वतःला पूर्ण पटत नाही. पण नांगराविना रान पिकते, हे तिने दाखवले.

या गोष्टी ऐकून त्या सेनगावच्या मुलाचे वडील हसले होते. सुटीच्या दिवशी मी त्यांच्या आखाड्यावर गेलो होतो. "मास्तर, तुमचं खरं. पण काडी रानात ठेवली तर गाई-वासरांनी काय खावं? धसकटं ठेवली तर पुढच्या साली अळी. आन् बिनानांगरलेलं रान ठेवलं तर गाव म्हणतं, आळशी झाला." यातले एकही कारण खोटे नाही. कडबा आणि भुसकट हा जनावरांचा घास आहे. बोंडअळी पऱ्हाटीत दडून राहते, म्हणून ती काढायला कृषी खातेच सांगते. शेवटी बोलणी होऊन आम्ही उताराच्या कडेचे एकच गुंठा रान मागून घेतले. अर्धे नेहमीसारखे, अर्ध्यावर आधी सोयाबीनचे भुसकट. मध्ये दोन पांढऱ्या फळ्या उभ्या रोवल्या, भिंतीऐवजी.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या शेळ्यांनी भुसकट संपवले. मग जनावरे खात नाहीत असा तुरीच्या तुराट्यांचा चुरा कुऱ्हाडीने बारीक करून पसरला. मृगाला उशीर झाला. पाऊस आला तो रात्री आला, आणि सकाळी तो मुलगा कॉलेजला येण्याआधी फळ्या पाहून आला. उघड्या बाजूच्या फळीवर शिंतोडे त्याच्या गुडघ्याच्या वर गेले होते. तुराट्यांच्या बाजूला खाली बोटभर पट्टी तेवढी मातकट होती. आठवड्याने त्या बाजूला सोयाबीनचे कोंब वर आले. उघड्या बाजूचेही आले, पण विरळ. काही ठिकाणी पापड उचलला तर खाली पिवळी मान वाकलेली सापडे.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी उताराच्या कडेच्या चार तासांत तुराट्या पसरल्या. बाकीचे रान नांगरले. यंदा दोन्हीकडे खडे मांडून ठेवले आहेत.